भाषाहौशी

पुण्यात परकीय भाषांच्या वर्गांत, मग ते फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमधील असोत वा मॅक्स म्युलर भवनातील, नोकरी, व्हिसा किंवा परदेशी सून यांपैकी कोणतेही सबळ कारण नसताना दाखल होणारा जो विद्यार्थी आढळतो, त्यास भाषाहौशी म्हणावे. हा बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो, पहिल्या बाकावर बसतो आणि खाकी कव्हर घातलेल्या वहीत जर्मन नामे लिंगानुसार तीन रंगांच्या शाईंनी उतरवतो. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषाज्ञानाचे ए-१ ते सी-२ असे सहा टप्पे मानले आहेत. त्यांतील पहिला टप्पा त्याने अनेक भाषांत गाठलेला असतो आणि दुसरा एकाही भाषेत नाही. जपानीतील नित्य वापराच्या २,१३६ कांजींपैकी, म्हणजे चिनी मूळ असलेल्या चिन्हांपैकी, पहिलीच्या मुलांसाठी नेमलेल्या ८० तो मोत्यासारख्या अक्षरात गिरवतो. पुढे रशियनची नवी तुकडी सुरू होते.

त्याची खरी भूक व्याकरणाची. विभक्ती, म्हणजे नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी असलेला संबंध दाखवणारे रूप, हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय असून, शाळेत मराठीच्या आठ विभक्ती रडतखडत पाठ केलेला हा गृहस्थ फिनिशच्या पंधरा विभक्ती पुस्तकावरून स्वखुशीने घोकतो. ‘शिवाय’ या अर्थासाठी फिनिशमध्ये स्वतंत्र विभक्ती आहे, हे तो लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्यास इतक्या तन्मयतेने समजावतो की वाढपी जिलबी घेऊन पुढे निघून जातो आणि त्या विभक्तीचे प्रात्यक्षिक दोघांच्याही पानांत तत्काळ घडते. व्हिसासाठी शिकणारी तरुण मंडळी प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत घामाघूम असतात. याने परीक्षेचा अर्जच भरलेला नसल्याने वर्गातील एकमेव सुखी जीव तोच, असे मानण्यास हरकत नसावी.

त्याला भय एकच, ती भाषा बोलणाऱ्या माणसाचे. शनिवारवाड्यापाशी एखाद्या जर्मन प्रवाशाने वाट विचारलीच, तर तो ती घाईघाईने इंग्रजीतून सांगून मोकळा होतो, आणि घरी आल्यावर तेच वाक्य जर्मनमध्ये कसे झाले असते, गतिदर्शक म्हणून द्वितीया लागली असती की स्थळदर्शक म्हणून चतुर्थी, याचा खल जेवणाचे ताट निवेपर्यंत एकट्यानेच करीत बसतो.