आहेराच्या वहीतला नवरदेव

"ताई, एच-इंडेक्स म्हणजे पगार की रक्तगट?"

वहिनींनी कुंपणापलीकडून हे विचारलं तेव्हा मी मिरचीचे देठ खुडत बसले होते. नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथाऱ्या लाल झाल्या की घराघरांत हेच काम, आणि हात गुंतले की तोंडं मोकळी. वहिनींच्या हातात भाचीसाठी आलेल्या स्थळाचा बायोडाटा होता. मुलगा मेंदूवर संशोधन करतो. उंची पाच फूट आठ इंच, शोधनिबंध २३, एच-इंडेक्स ११. मी कॉलेजच्या लायब्ररीत उभा जन्म काढला, म्हणून हा कागद माझ्या दारी.

"तुमच्याकडे आहेराची वही आहे ना? तसंच समजा. याचा निबंध वाचून दुसऱ्यानं आपल्या निबंधात त्याचा हवाला दिला, की याच्या खात्यात एक आहेर. याचे ११ निबंध असे आहेत की प्रत्येकाला निदान ११ आहेर आलेत. बारावा मात्र बारापर्यंत पोचला नाही. होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही मोजणी काढली."

"अन् एकाच कार्यात हजार आहेर आले तर?"

"बाकी सगळी पानं कोरी असतील तर इंडेक्स १."

"हे काही खरं नाही," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण ताई, आहेर तर फेडायचा असतो!"

बघा, चौथी शिकलेल्या बाईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. तू माझं नाव घे, मी तुझं घेतो, असं चालतंच. काही जण तर स्वतःच्या कार्यात स्वतःच आहेर करतात. कुणी चूक दाखवायला नाव घेतलं तरी आकडा वाढतोच. शिवाय हा इंडेक्स कधी उतरत नाही. माणूस काम सोडून घरी बसला तरी नाही.

"आमच्या ह्यांच्या वजनासारखा," वहिनी म्हणाल्या.

आकड्यापलीकडचं काम कसं असतं ते कळावं, म्हणून मग मी त्यांना शुभा टोळे यांच्याबद्दल सांगितलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मेंदू कसा घडतो हे शोधणाऱ्या. त्यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार. वर कथ्थकही नाचतात. त्यांचा आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांचा एक निबंध २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. गर्भातल्या उंदराच्या मेंदूत एलएचएक्स-२ नावाचं जनुक काम करत असतं. काही पेशींमधून ते काढून टाकलं, तर त्या पेशींचा स्वभावच पालटला. त्या शेजारच्या पेशींना 'तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा' म्हणून सांगू लागल्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी घडवणारा भाग. तो नको त्या जागीही उगवला!

"म्हणजे शेजारीण जशी, तसे आपण?"

"पेशींचं तरी तसंच दिसतं."

वहिनींनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. मी म्हटलं, ही गंमत आकड्यात सापडत नाही. वहीत फक्त किती आहेर आले एवढंच लिहिलेलं असतं. ओल्या मिरचीला वजन भरतं, पण वाळवल्यावर खरी किती उरली ते कळतं.

"मग या मुलाचं काय करू?"

"त्याला इथं बोलवा, चहा द्या आणि म्हणा, तुझा एक निबंध मला समजावून सांग. तुम्हाला समजला तर मुलगा चांगला."

"आणि नाही समजला तर?"

"तर इंडेक्स बघा! पण वहिनी, त्याच्या आधी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट मागवा. भाची वाहक आहे ना? मुलगाही वाहक निघाला, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आणि तो आजार नुसता हातपाय दुखण्यावर थांबत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लहान लेकरांना लकवा मारतो. अमेरिकेत हा धोका असलेल्या १३० मुलांवर झालेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नियमित रक्त चढवलं त्यांच्यात एकालाच झटका आला, बाकीच्यांत अकरा जणांना. मेंदूवाल्या मुलाला हे सांगावं लागणार नाही. रिपोर्ट मागितला म्हणून रागावला, तर त्याचे २३ निबंध त्यालाच परत करा."

वहिनींनी बायोडाटा घडी करून पदराला बांधला आणि मध्यस्थाला तिथूनच फोन लावला.