ठराव भावाचा, थप्पड भावाची

महाबळेश्वरला माणसं स्ट्रॉबेरी खायला जातात. शिवसेना जानेवारी २००३ मध्ये तिथं गेली ती चेहरा बदलायला. अधिवेशनात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले आणि त्यांच्या नावाचा ठराव मांडला राज ठाकरे यांनी. खळ्ळखट्याकवाली पोरं ज्यांच्या मागे, त्यांनीच कॅमेऱ्यात रमणाऱ्या भावाच्या गळ्यात माळ घालायची! टाळ्या पडल्या, घाट उतरून मंडळी घरी गेली.

नव्या कार्याध्यक्षांचा हिशेब चुकीचा नव्हता. मुंबईत नुसत्या मराठी मतांवर लोकसभा निघणं कठीण, आणि दिल्लीत वजन हवं तर हिंदी बोलणाऱ्यालाही आपण परके वाटून चालणार नाही. म्हणून निघाली ‘मी मुंबईकर’ मोहीम. जो इथं राहतो आणि या शहराला आपलं मानतो तो मुंबईकर, मग तो दरभंग्याचा का असेना. हिंदी वाचकांसाठी ‘दोपहर का सामना’ होताच. त्याच्याशी जोडलेले संजय निरुपम सेनेचे राज्यसभेतले खासदार होते. म्हणजे दुकान, पाटी, विक्रेता, सगळं तयार. फक्त गिऱ्हाईक आत यायचं बाकी होतं.

ते आलं नोव्हेंबर २००३ मध्ये, रेल्वे भरतीची परीक्षा द्यायला. बिहारहून आलेल्या उमेदवारांना कल्याणला सेनेच्या विद्यार्थी आघाडीच्या, म्हणजे राज यांच्याच पोरांनी बदडून काढलं. मोहिमेचं पोस्टर एकीकडे म्हणतंय ‘तूही मुंबईकर’, आणि दुसरीकडे त्याच पक्षाचा कार्यकर्ता परीक्षार्थ्याची कॉलर धरून विचारतोय, ‘कुठला रे तू?’ त्या दिवसानंतर ‘मी मुंबईकर’चं नाव कुणी फारसं काढलं नाही.

तक्रार खोटी होती का? नव्हती. इथल्या रेल्वेतल्या नोकरीच्या शर्यतीत इथलाच मुलगा मागे राहतो, हे दुखणं खरंच होतं. पण ते कमी झालं कशानं? ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री झाल्या आणि प्रश्नपत्रिका प्रादेशिक भाषांत आल्या. एकाही परीक्षार्थ्याच्या कानाखाली न वाजवता! आमच्याकडे मात्र कागदानं होणारं काम हातानं करायची जुनी हौस.

मे २००४ च्या लोकसभा निकालात बिल आलं. मुंबईतल्या सहा जागांपैकी सेना-भाजप युतीला एक मिळाली, मोहन रावले यांची. लोकसभेचे अध्यक्ष असलेले मनोहर जोशी एकनाथ गायकवाडांकडून पडले, राम नाईक गोविंदाकडून पडले आणि हिंदी मतांचे ठेकेदार निरुपम सुनील दत्तांकडून पडले. कल्याणची मारहाण हे एकमेव कारण नव्हतं, ‘इंडिया शायनिंग’चाही वाटा मोठा होता. तरी ज्या मतदारासाठी एवढी पाटी रंगवली, तो पायरीसुद्धा चढला नाही.

इथं शहाणी माणसं म्हणतात, मग जहाल मंडळींना काढून टाकायचं! सेनेनं तेही बघितलं. म्हणजे काढलं नाही, राज स्वतःच निघाले आणि मार्च २००६ मध्ये मनसे झाली. आता सेना सौम्य, मनसे जहाल, घरं वेगळी. २००९ च्या लोकसभेत मनसेच्या उमेदवारांनी मुंबईत प्रत्येकी लाखाहून जास्त मतं घेतली, निवडून एकही आला नाही, आणि सहाच्या सहा जागा काँग्रेस आघाडीनं नेल्या. उत्तर मुंबईत राम नाईक सहा हजारांहूनही कमी मतांनी पडले. पाडलं कुणी? संजय निरुपम यांनी, आता काँग्रेसचे म्हणून. ज्या हिंदी मतांसाठी सेनेनं त्यांना मोठं केलं होतं, ती मतं घेऊन ते समोर उभे राहिले आणि त्यांना हवी असलेली मराठी फूट मनसेनं फुकटात पुरवली. घरात ठेवला तर पाहुणे येत नाहीत, बाहेर काढला तर दारातच भांडत बसतो, असं हे प्रकरण.



राष्ट्रीय पक्ष जहालांच्या बाबतीत फार वेगळे आहेत असंही नाही. २००४ च्या पराभवानंतर वाजपेयी मनालीला गेले आणि गुजरातची दंगल भोवली असं बोलून बसले. थंड हवेत नेत्यांना खरं सुचतं! त्यांच्याच पक्षानं ते कानाआड केलं, आणि दहा वर्षांनी २८२ जागा आणल्या. तेव्हा जहाल माणूस पक्षाला बुडवतोच असा काही नियम नाही. भाजपच्या जहाल भाषेला उत्तरेत घरोघरी गिऱ्हाईक होतं. सेनेच्या भाषेला महाराष्ट्राच्या सीमेपुढे नव्हतं, कारण पुढचा प्रत्येक मतदार त्या भाषेत आरोपी होता. हिंदुत्वाच्या भरात १९९१ मध्ये उत्तर प्रदेशात अकबरपूरला सेनेचा आमदार निवडून आला होता, पण महाराष्ट्राबाहेरचा पहिला खासदार मिळायला २०२१ उजाडलं. तोही दादरा-नगर हवेलीत, डेलकर घराण्याच्या पुण्याईवर. पुढच्या निवडणुकीला त्याच खासदार कलाबेन डेलकर भाजपमधून उभ्या राहिल्या.

२०२५ मध्ये दोघे भाऊ पुन्हा एकत्र आले. २०२४ च्या विधानसभेत मनसेला शून्य आणि उद्धव यांच्या सेनेला वीस जागा मिळाल्यावर मनं जुळणं स्वाभाविकच. ५ जुलै २०२५ ला वरळीत शाळांतली हिंदीसक्ती मागे घेतल्याचा विजयी मेळावा झाला. सुप्रिया सुळे आल्या, काँग्रेसचे मोठे नेते मात्र फिरकले नाहीत. नोव्हेंबरात बिहारची निवडणूक होती आणि पाटण्यात राज ठाकरेंचा फोटो कुणाला दाखवायचा नव्हता. त्याच आठवड्यात मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून मनसैनिकांनी लगावलेल्या थपडा देशभर फिरल्या होत्या. त्यावर राज यांनी व्यासपीठावरून कार्यकर्त्यांना समज दिली: पुढच्या वेळी व्हिडिओ काढू नका.