बांगडीवाली अळंबी

सासुरवाडी सिंधुदुर्गातली आणि जावई पुण्याचा, त्यातून मोबाइलवर अळंबीचे अकरा व्हिडिओ पाहिलेला. अनर्थाला आणखी काय लागतं?

श्रावणातली सकाळ. पाऊस जरा उघडला तसा मी पिशवी आणि सुरी घेऊन निघालो. रानापर्यंत जावंच लागलं नाही. गोठ्यामागच्या गवतात पांढऱ्या छत्र्यांचं संमेलन भरलेलं! एकेक बशीएवढी, माथ्यावर तपकिरी खवले. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे जमिनीलगत देठ हळुवार कापत मी पिशवी भरली.

सासूबाई परसात भांडी घासत होत्या. "जावयबापू, खंय गावली ही?"

"गोठ्यामागे!" मी अमेरिका शोधल्याच्या थाटात म्हणालो.

त्यांनी एक अळंबी उलटी केली. देठावरचं कडं बोटानं वर-खाली सरकवलं. "आमच्या अळंबीक बांगडी नसता. आणि मूळ खंय?"

मूळ मी गवतात सोडून आलो होतो. खरी ओळख तिथेच होती. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते आणि आपली खायची अळंबी त्या शेतातून लांबलचक मूळ घेऊन वर येते. माथ्याला तिच्या टोक असतं. हे मला ठाऊक होतं, आठवा व्हिडिओ.

पण जावयानं माघार कशी घ्यायची? मी बायकोचं चांदीचं पैंजण आणि चार लसणीच्या पाकळ्या घालून अळंबी उकळली. विषारी असेल तर चांदी काळी पडते म्हणतात. पैंजण जास्तच लखलखलं. (बायको अजून त्यावर बोलते. चांदीला या विषाचा काही पत्ता लागत नाही, हे तिनं नंतर मलाच वाचून दाखवलं.) मग सगळ्यांची पाठ वळल्यावर मी एक अख्खी अळंबी लोण्यात परतून खाल्ली. चव उत्तम होती, हे नमूद करतो.

दोन तासांनी पोटात ढोल वाजला. संडास अंगणापलीकडे, वर धो धो पाऊस. चौथ्या फेरीनंतर मी छत्री मिटवणं सोडून दिलं.

"उरलेली आणलीत का?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न. आणली होती. सलाईन लावता लावता ते म्हणाले, "दोन तासांत उलटी झाली, त्यातल्या त्यात बरं. खरी जीवघेणी असते ती सहा-सहा, बारा-बारा तास गप्प बसते आणि मग यकृत धरते. शिजवूनही तिचं विष जात नाही." मी गप्पच होतो, सलाईनसारखा थेंब थेंब.

रात्री घरी आल्यावर उरलेल्यातली एक छत्री हाताशी आलेल्या कागदावर उपडी ठेवून वर वाटी झाकली. सकाळी कागदावर बीजाणूंचं झकास नक्षीकाम उमटलेलं, हिरवट. वारुळातलीचं गुलाबीसर उमटतं. शंकाच मिटली. कागद सासऱ्यांचा सातबारा होता.

तोवर सासूबाई एकट्याच कुठंतरी जाऊन आल्या होत्या. टोपलीत टोकदार माथ्याच्या, लांब मुळांच्या, मातीनं माखलेल्या अळंब्या. कुठं मिळाल्या विचारलं तर, "थंयच, वर."

दुपारी सगळ्यांच्या पानात ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलेलं अळंबीचं सुकं. माझ्या पानात पेज, आणि शेजारी सासऱ्यांनी आठवणीनं ठेवलेला हिरवा सातबारा.