अकरावा महिना

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दक्षिण कोरियात भरदुपारी अर्ध्या तासाहून अधिक वेळ एकही विमान उडत नाही की उतरत नाही. हवेत असलेली विमानं वरच्या वर घिरट्या घालत राहतात. युद्ध नसतं, वादळ नसतं. खाली देशभरातली बारावीची मुलं सुनुंग या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत कान टवकारून इंग्रजी संवाद ऐकत असतात. ग्रंथालय कुठं आहे असं जॉन मेरीला विचारतो, आणि तेवढ्यात डोक्यावरून बोइंग गेलं नि मेरीचं उत्तर त्यात बुडालं, तर एक अख्खी पिढी बुडेल अशी सरकारला रास्त भीती वाटते.

जिथं इंग्रजीसाठी विमानं थांबतात, तिथं इंग्रजी शिकवणारा माणूस पालखीतून फिरत असेल असं कुणालाही वाटेल. पालखी असते. एक वर्षाच्या कराराची असते, आणि भोईही तोच असतो.

आधी पात्रतेचं बघू. परदेशी भाषाशिक्षकाच्या व्हिसाला तिकडे ई-टू म्हणतात. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी लागते, पण कशातली ते कुणी विचारत नाही. सागरी जीवशास्त्र चालतं, चित्रपटाचा इतिहास चालतो. पुण्यात इंग्रजीत एम. ए. करून वीस वर्षं शेक्सपिअर शिकवलेल्या बाई मात्र खासगी क्लासला चालत नाहीत, कारण पासपोर्टवर अशोकस्तंभ आहे आणि त्या चार सिंहांचे उच्चार शुद्ध असण्याची खात्री कोण देणार! नाही म्हणायला, २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात आपल्यासाठी सरकारी शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकाची एक फट ठेवली आहे. त्या फटीतून आत जायला मात्र पदवीबरोबर शिक्षक असल्याचा दाखला लागतो. म्हणजे शिकवता येणं ही अट ज्यांचा पासपोर्ट चुकीचा आहे त्यांच्यासाठी राखीव आहे.

तर आपला सागरी जीवशास्त्रज्ञ विमानतळावर उतरतो. करारात लिहिलेलं असतं, आठवड्याला तीस तास. पोराला वाटतं, स्वर्ग. मग कळतं की हे ‘शिकवण्याचे’ तास. दोन तासिकांमधली दहा मिनिटं तासात धरत नाहीत. उद्याची तयारी धरत नाहीत. पंचवीस मुलांच्या वह्या, महिन्याची प्रगतिपुस्तकं, आया मागे बसून बघतात तो खुला वर्ग आणि त्याची रंगीत तालीम, रात्री मुलांना फोन करून तीन मिनिटं इंग्रजीत बोलायला लावणं, हॅलोविनला भोपळा होऊन दारात उभं राहणं, यातलं काहीच शिकवणं नसल्यामुळे ते काम नसतं. काम नसल्यामुळे त्याचा ओव्हरटाइम नसतो. कोपऱ्यातला कॅमेरा मात्र सगळं काम धरून चालू असतो.

क्लास भरतो दुपारी, शाळा सुटल्यावर, आणि चालतो रात्रीपर्यंत. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे. २००९ साली ही बंदी मोडणाऱ्यांची चहाडी करणाऱ्या नागरिकांना सरकारने रोख बक्षिसं द्यायला सुरुवात केली, आणि क्लासबाहेर कॅमेरे घेऊन दबा धरून बसणं हा काही लोकांचा पूर्णवेळ धंदा झाला. मुलं दहानंतर शिकत असतील तर बक्षीस. मास्तर दहानंतर प्रगतिपुस्तकं भरत असेल तर त्याचं छायाचित्र कुणी घेत नाही, त्याला बाजारभाव नाही.

आता पगार. २००८ च्या सुमाराला अशा शिक्षकाला महिना वीस-बावीस लाख वॉन मिळत. आकडा बघून आपल्याकडचा माणूस खुर्चीतून उठेल, पण वॉन हे चलन शून्यांच्या बाबतीत उदार आहे. हिशेब तेव्हाच्या तासाच्या किमान वेतनाशी लावावा. ते होतं ३,७७० वॉन. २०२५ साली किमान वेतन १०,०३० वॉनवर गेलं, म्हणजे महिन्याला २०,९६,२७०. आणि क्लासच्या जाहिराती? कित्येक अजून एकवीस लाखांपासून सुरू होतात. सतरा वर्षांत भांडी घासणाऱ्याचा पगार चढत चढत इंग्रजी शिकवणाऱ्यापाशी येऊन टेकला. समता आणण्याचा हा मार्ग मार्क्सला सुचला नव्हता. बरं, पालकांनी हात आखडता घेतला म्हणावं, तर २०२४ साली कोरियन कुटुंबांनी शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९ लाख कोटी वॉनहून जास्त खर्च केला. पैसा येतो. वाटेत कुठंतरी त्याचे उच्चार बदलतात.

त्यातूनही वाचवायचं म्हटलं तर करारात ३.३ टक्क्यांची एक ओळ घालतात. नोकर म्हटलं की मालकाला त्याच्या पेन्शनमध्ये हिस्सा भरावा लागतो, आरोग्यविम्यात भरावा लागतो. स्वतंत्र व्यावसायिक म्हटलं की ३.३ टक्के कर कापला, मोकळे. तेव्हा मालकाच्या वेळेवर येणारा, मालकाच्या पुस्तकातून शिकवणारा, मालकाने दिलेल्या एका खोलीत झोपणारा आणि मालकाच्या सहीवाचून व्हिसा बदलता न येणारा हा प्राणी कागदावर एक स्वतंत्र उद्योजक असतो. त्याच्याइतका परावलंबी उद्योजक कुठल्याच स्टार्टअपने अजून घडवलेला नाही.

पण क्लासवाल्यांची खरी प्रतिभा दिसते ती अकराव्या महिन्यात. कोरियाचा कायदा सांगतो की एक वर्ष सलग नोकरी झाली की जाताना किमान तीस दिवसांच्या पगाराइतकी रक्कम द्यायची, तीही चौदा दिवसांच्या आत. वर्ष भरलं तर. त्यामुळे जो शिक्षक दहा महिने मुलांचा लाडका, पालकांचा आवडता आणि संचालकांच्या मते घरचाच माणूस असतो, त्याच्या अध्यापनाचा दर्जा अकराव्या महिन्यात एकाएकी ढासळतो. पालकांच्या तक्रारी येऊ लागतात. कुठल्या पालकांच्या, ते विचारायचं नसतं.

मराठी माणसाला अकरा या आकड्याचं वेगळं कौतुक सांगायला नको. आपलं घरभाडं अकरा महिन्यांचं, आपल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या ऑर्डरी अकरा महिन्यांच्या, मध्ये एक तांत्रिक खंड, पुन्हा अकरा. बारावा महिना हा गरिबाच्या पंचांगात नसतोच. मात्र आपल्याकडे हे उघड ऑर्डरवर छापतात. तिकडे करार बारा महिन्यांचाच असतो, अकरावा महिना मागाहून उपजतो. मला आपली पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, आणि हे वाक्य लिहिताना माझी मान खाली गेली आहे.

अर्थात शिक्षकही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. वर्ष पुरं करण्याआधी गेलास तर विमानाचं भाडं परत कर, एजंटाची दलाली परत कर, वर दंड भर, असं करारात ठणकावलेलं असतं. कोरियाच्या कामगार कायद्याचं विसावं कलम असा दंड आधीच ठरवून ठेवायला मनाई करतं, पण कलम कायद्याच्या पुस्तकात असतं आणि दंड करारात असतो, आणि पोराच्या हातात फक्त करार असतो. म्हणून तो पगाराच्या तारखेची वाट बघतो. पैसे खात्यात आले की त्याच रात्री एक बॅग भरून विमानतळ गाठतो. दुसऱ्या दिवशी चिमुरड्यांच्या वर्गात संचालक स्वतः जाऊन ए फॉर ॲपल म्हणतात.

सरकारी शाळांत असला चावटपणा नाही. १९९५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेत आठवड्याला बावीस तासिका, चाळीस तास हजेरी, पगार वेळेवर. तिथली शिक्षा वेगळी. शाळेला सुट्टी लागली, मुलं गेली, बाकीचे शिक्षक गेले, तरी या परदेशी माणसाने रिकाम्या शाळेत येऊन आठ तास खुर्ची उबवायची. जानेवारीत, बाहेर उणे दहा असताना, बंद हीटरच्या खोलीत. आपल्या सरकारी नोकराला यात अन्याय कुठं आहे ते कळणार नाही, म्हणून मी पुढे जातो.

जपानी लोक जास्त काटेकोर. आठवड्याला तीस तासांच्या आसपास काम गेलं की कर्मचाऱ्याला सामाजिक विम्यात घ्यावं लागे, हे कळल्यावर तिथल्या इंग्रजी कंपन्यांनी साडेएकोणतीस तासांचे करार काढले. त्याच देशात नोव्हा ही सगळ्यात मोठी इंग्रजी क्लासची साखळी २००७ च्या ऑक्टोबरात कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. घरभाडं त्यांच्या पगारातून कापलं होतं पण घरमालकांपर्यंत पोहोचलं नव्हतं, आणि जेवणाच्या बदल्यात इंग्रजी शिकवण्याची पाळी काहींवर आली. गुरुगृही भोजन ऐकलं होतं. इथं शिष्याघरी गुरूचं ताट मांडलं गेलं.

मला या पोरांची दया अर्धीच येते, हेही सांगून टाकतो. शिकवण्याचा गंध नसताना केवळ जन्मस्थळावर मिळालेली ही नोकरी. जो बाजार तुम्हाला चेहरा आणि पासपोर्ट पाहून उचलतो, तो तुम्हाला शिक्षक म्हणून का वागवील? त्याने शिक्षक मागितलाच नव्हता.

काय मागितलं होतं ते दायगू शहरात २०१० च्या अखेरीस दिसलं. तिथल्या प्राथमिक शाळांमध्ये जवळपास तीस यंत्रमानव इंग्रजी शिकवायला आले. अंड्याच्या आकाराचे, पांढरे, चाकांवर फिरणारे, नाव एंगकी. पडद्यावर गोऱ्या बाईचा चेहरा. आवाज मात्र फिलिपाइन्समध्ये बसलेल्या खऱ्या शिक्षिकेचा. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरचे भाव टिपायचा, आणि ती हसली की पडद्यावरची गोरी बाई हसायची. फिलिपाइन्स त्या सात देशांत नाही, त्यामुळे तिच्या तोंडाला प्रवेश नव्हता. तिच्या इंग्रजीला होता, स्वस्तात.

अंड्याला व्हिसा नको, खोली नको, पेन्शनचा हिस्सा नको. त्याला बारावा महिना पुरा करू दिला तरी मालकाचं काही जात नाही.