बीळ भाड्याने देणे आहे

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात लोक दुर्बिणी लावून पक्षी बघतात. जमिनीखाली काय चाललंय ते अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा एकाच बिळात साळिंदर, अजगर आणि वटवाघळं नांदताना आढळली. खोदकाम साळिंदराचं, म्हणून मालकीही त्याचीच धरू.

साळिंदर स्वभावाने भारी सावध. दिवसभर घरात, रात्रीच बाहेर, आणि लख्ख चांदणं पडलं तर तेही नको. अशा मालकाने धाडसी मंडळींना जागा देताना पुढील खबरदारी घ्यावी.

भाडेकरूच्या जेवणाखाण्याची चौकशी करू नये. पुण्या-मुंबईचे घरमालक जिन्यातच उलटतपासणी घेतात: मांसाहार करता का, लग्न झालंय का, मित्र येतात का. बिचारा होतकरू पोरगा तोंड पाडून उतरतो. साळिंदर स्वतः कंदमुळं, साली, फळं यांवर जगणारं. हाडं कुरतडतं, पण ती खनिजांसाठी आणि वाढते दात झिजवण्यासाठी. कोणी विचारल्यास ‘औषध म्हणून’ सांगावे. त्याचा भाडेकरू मात्र जनावर आख्खं गिळतो. कधीमधी साळिंदरसुद्धा.

दारं एकाहून अधिक ठेवावीत. कारण वरच्याच परिच्छेदात आहे.

अजगराला बीळ खोदता येत नाही आणि अंगात स्वतःची ऊबही धरता येत नाही, त्यामुळे भरतपूरच्या थंडीत तो येणारच. उन्हं वर आली की तो बिळाच्या तोंडाशी पसरून अंग शेकतो. पर्यटक त्याचेच फोटो काढतात. ज्याने मातीत नखं झिजवली ते साळिंदर आत झोपलेलं असतं. मालकाने मनाला लावून घेऊ नये.

वटवाघळांबद्दल तक्रार नाही. छताला लटकतात, तिन्हीसांजेला कामावर जातात.

अनामत रक्कम अंगावरच बाळगावी. साळिंदर काटे फेकून मारतं हा समज गावोगाव आहे, पण तो खोटा. ते आधी काटे फुलवतं, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं, पाय आपटतं. एवढी नोटीस देऊनही समोरचा हटला नाही, तर मागे वळून पाठीनेच त्याच्यात घुसतं. कुमाऊँमधल्या मुक्तेसरच्या वाघिणीला हा व्यवहार नडला. जिम कॉर्बेटने लिहून ठेवल्याप्रमाणे तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले. शिकार जमेना, तेव्हा ती माणसांकडे वळली. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेत एका अजगराने साळिंदर गिळलं. काही दिवसांनी तो मेलेला सापडला आणि पोटातून साळिंदर निघालं. अर्थात मालकालाही त्या वसुलीचा काही उपयोग झाला नाही.

अकरा महिन्यांचा करार करण्याच्या भानगडीत पडू नये. ऊन तापलं की अजगर न सांगता निघून जातो, आणि भाड्याचा विषय त्याच्यापाशी काढायचा कोणी?