एफ तेवढा नको!

आमच्या शॉपमध्ये व्हीएमसीवर एक गडी आहे. नाव सांगत नाही, गरजही नाही. कागल पंचतारांकित एमआयडीसीत दर चार शेडमागं असा एक सापडतोच. आठ तास पंपाच्या बॉडीला बोअर मारायचा आणि लग्नसराई आली की सुट्ट्या टाकून हुपरी, मुरगूड, निपाणीपर्यंत शूटिंगच्या सुपाऱ्या घ्यायच्या. या गड्याला गेली ३ वर्षं फोटो-व्हिडिओ एडिटिंगचा कॉम्प्युटर असेंबल करायचा आहे. बजेट ६० हजार, मॉनिटरसकट. हा आकडा देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जागचा हलत नाही. हलतात ते पार्ट.

यादी असते इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदावर, खिशात घडी घालून, कुलंटचे डाग पडलेली. प्रोसेसर ‘ओके’, मदरबोर्ड ‘रिवर्क’, एसएमपीएस ‘रिजेक्ट’. मी क्वालिटीत, म्हणून दर पगाराला ती माझ्याकडं सहीला येते. मी मुकाट्यानं करतो. पुढच्या पगाराला नवी यादी.

स्वतःच्या यादीवर अडलेला हा माणूस दुसऱ्याची यादी मात्र चहाच्या सुट्टीत, दहा मिनिटांत उरकतो. मध्यंतरी आमच्या एका अप्रेंटिसनं दुकानदाराचं कोटेशन आणलं. पहिल्याच ओळीत इंटेलचा आय-फाइव्ह, १२४०० एफ.

‘‘ह्यो एफ कशाला रं?’’

‘‘हजार-दोन हजार वाचत्यात की, दादा.’’

‘‘वाचत्यात! आरं मर्दा, एफ म्हंजे आतलं ग्राफिक्स बंद. त्येच्यासंगं क्विक सिंक बी गेलं. तू शूट करणार एच-२६५ मधी, टेन-बिट, फोर-टू-टू. ती फाईल उलगडायला एनव्हिडियाचं ५० सिरीजच्या आधीचं कार्ड हात लावत न्हाई. मग वरातीतला घोडा टाइमलाइनवर लंगडणार. एवढ्याशा पैशासाठी घोडा लंगडा करतोस व्हय?’’

अप्रेंटिसनं एफ खोडला. पाठोपाठ १६ जीबी रॅमची एक स्टिकही खोडली आणि ८-८ च्या दोन लिहिल्या. ‘‘एका बैलानं नांगरट हुती काय?’’ बोर्ड मात्र चार स्लॉटचा, म्हणजे पुढं ३२ वर जाताना जुन्या स्टिक उपसून टाकाव्या लागत नाहीत. फोटोशॉप रॅम खातं, दा विंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्ड खातं. पंगतीला कोण काय खाणार ते आधी बघायचं, मग आचाऱ्याला सांगायचं, असा त्याचा हिशेब. आणि मॉनिटर आयपीएसच. स्वस्तातल्या एका पॅनेलवर यानं मोरपंखी शालू एडिट केला होता. अल्बम छापून आला तेव्हा तो निळा निघाला, आणि नवरीच्या आत्यानं भर मांडवात काढावं तसं याचं माप काढलं.

पण खरा रंगतो तो एसएमपीएसवर. कास्टिंग हाताळून हाताळून त्याच्या तळहातालाच वजनकाटा बसलाय. दुकानात गेला की एसएमपीएस खोक्यातून काढायचा, तळव्यावर दोनदा झेलायचा, डोळे मिटायचे. हलका लागला की परत. ‘‘आत माल न्हाई.’’ दुकानदार म्हणतो, कॅबिनेटसोबत फुकट येतो. ‘‘फुकट मिळतोय म्हणून जावई करून घेतो काय कोण?’’ वजनावरून पारख करण्यापेक्षा खोक्यावर एटी प्लस ब्राँझ लिहिलंय का ते वाचावं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यानं माझाच व्हर्नियर मागून घेतला आणि तारेची जाडी मोजली.

‘कंपनीचा तयारच घे की’ असं कुणी म्हटलं, की तो १९१८ सालात जातो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच, स्वतःच्या हातानं तयार केला, आणि आपण डबा विकत आणायचा? बोलणं बिनतोड. फक्त १९२० मध्ये बाबूरावांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला होता. याचं अजून कॅबिनेट काळं की पांढरं ते ठरायचंय.

तसा एकदा तो अगदी काठावर आला होता. २०२५ च्या दिवाळीआधी जीएसटी उतरणार म्हणून थांबला. २२ सप्टेंबरला नवे दर लागले. एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. कॉम्प्युटर आधीपासूनच १८ वर होता, तो तिथंच राहिला. मग बोनस झाला. तोवर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली होती आणि रॅमचे भाव असे भडकले, की स्टिक सराफाच्या दुकानात ठेवाव्यात. हुपरीची चांदी आणि १६ जीबी रॅम, दोन्ही एकाच हंगामात चढले. ‘‘उतरू दे,’’ म्हणाला आणि यादीची घडी खिशात घातली.

त्याच्या सल्ल्यानं आमच्या शॉपमधल्यांच्या घरी पाच मशीन उभी राहिली. अप्रेंटिसचं सहावं; एकही अजून बंद पडलेलं नाही. पाळी सुटली की हा अप्रेंटिसच्या खोलीवर जातो आणि तिथंच स्वतःची लग्नं एडिट करत बसतो. अप्रेंटिस बिचारा खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. तरीही २ वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची फिल्म राहिलीच आहे. नवरीचा भाऊ आमच्याच कंपनीत, डिस्पॅचला. परवा त्यानं याला गेटवर गाठलं. मी शेजारीच होतो.

‘‘बारसं कवा हाय?’’ यानंच उलट विचारलं. ‘‘ते बी शूट करतो. दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर देतो की. बारशाचं पैसं घेत न्हाई.’’

तेव्हा कॉम्प्युटर असेंबल करायचा असेल, तर पाळी सुटताना आमच्या गेटवर या आणि याला बेलाशक गाठा. लग्नाची सुपारी मात्र दुसऱ्याला द्या.