पैसे भरून गोल फिरणे

आमच्या राजूर गावात गाडी कुठेतरी पोचण्यासाठी असते. वणीच्या बाजाराला, खाणीतल्या पाळीला, फार तर मारेगावला कुणाच्या तेरवीला. त्यामुळे मी मामांना सांगितलं की मोटरसायकल घेऊन चेन्नईला जातोय, तिथे एका बंद रस्त्यावर दिवसभर गोल फिरणार आहे आणि त्याचे पैसेही मीच भरणार आहे, तेव्हा त्यांनी तोंडातला खर्रा बाजूला सारून एकच प्रश्न विचारला.

"अन् पोचशीन कुठं?"

"जिथून निघालो तिथंच."

"मंग निघतं काहून?"

वेगाला मामांचा विरोध नाही. तरुणपणी ते शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी होते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा घरात सुतक पाळल्यासारखे बसले होते आणि डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी गावाला चहा पाजला. त्यांचा विरोध आहे तो वळणाला. पट सरळ असतो. जोडी सुटली की नाकासमोर. जो वळला तो त्यांच्या लेखी बैल नव्हेच.

पण मोटरसायकलचा ट्रॅक म्हणजे वळणंच. आणि तो महाराष्ट्रात नाही म्हटलं तरी चालेल. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, तो गो-कार्टच्या मापाचा. चाकणला कंपन्यांचे चाचणीचे ट्रॅक आहेत, पण तिथे आपल्याला कोण सोडतो? म्हणजे पल्सर आणि केटीएम जन्माला येणार चाकणला आणि त्यांना मोकळं धावायचं असेल तर जाणार तमिळनाडूत. एक तर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, नाही तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक. हा दुसरा 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा. त्याचं नाव एका दमात उच्चारता आलं की निम्मी तयारी झाली समजायचं. दिल्लीकडे बुद्ध सर्किट आहे. सप्टेंबर 2023 मध्ये तिथे मोटोजीपी झाली आणि मार्को बेझेक्की जिंकला. आमच्या चौकात त्या रविवारी चर्चा होती ती पोळा होऊन गेला तरी पाऊस का थांबत नाही याची.

ट्रॅकवर गाडी नेण्याआधी तिचे आरसे काढायचे, हेडलाइटवर चिकटपट्टी मारायची, नंबरप्लेट उतरवायची. आमच्या मेकॅनिकला मी ही यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "भाऊ, मंग अर्ध्या राजूरची गाडी रेडीच हाय." त्याचं खोटं नव्हतं. आरसे नाहीत, दिवा लागत नाही, नंबर चिखलात बुडालेला. आमच्या पोरांना फक्त ब्रेक बसवून दिले की झालं.

विम्याचे कागद या निमित्ताने मी प्रथमच वाचले. संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांत झालेलं नुकसान कंपनी भरत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. तेव्हा ट्रॅकवर जे मोडेल ते आपलं, हाडांसकट.

मग टाकी रिकामी करून, पोत्यात गुंडाळून गाडी बल्लारशाहहून रेल्वेच्या पार्सलने गेली आणि पाठोपाठ मी.

रेसिंगचा चामड्याचा सूट गाडीवर वाकून बसण्याच्या बेताने शिवलेला असतो. त्यात सरळ उभं राहता येत नाही. त्यामुळे पिटमध्ये सगळेजण एकमेकांसमोर कंबरेत वाकून, मोठ्या आदबीने वावरत होते. त्यात चेन्नईचा घाम. आमच्याकडचं ऊन माणसाला वाळवतं, तिथलं शिजवतं.

ट्रॅकवरच्या रायडिंगच्या शाळेतला पहिला सराव होता एकाच गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता फेरी मारायची. थ्रॉटल नीट हाताळायला शिकावं हा हेतू. आमचे कोळशाचे ट्रकवाले हा सराव सायडिंगच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं फुकट करताहेत. दुसरा धडा नजरेचा. जिथे बघाल तिथे गाडी जाते, म्हणून वळणात असतानाच वळणाच्या पलीकडे बघायचं. हे ऐकून माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच खड्ड्यांचा उलगडा झाला.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही! गाय नाही, ट्रक नाही, उलट्या बाजूने येणारा सरपंचाचा भाचा नाही. एका बाजूने कोळशाची काळी आणि दुसऱ्या बाजूने चुनाभट्टीची पांढरी धूळ खात वाढलेल्या माणसाला ही शांतता सोसत नाही. प्रत्येक आंधळ्या वळणावर माझा अंगठा हॉर्न शोधायचा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सराव थांबला, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान माणूस येतोय. मला निळा झेंडा इतका दिसला की तो माझ्या स्वागतासाठीच असावा.

मागून येणारे होते दाढी न फुटलेले पोट्टे. ते गुडघा डांबराला घासत आतल्या बाजूने निघून जात. ज्या गुडघ्याला आपण रात्री तेल चोळतो, तोच जमिनीला टेकवावा यासाठी चाळिशीची माणसं पैसे भरतात, ही या खेळातली खरी गंमत. नवशिक्यांसाठी शर्यतीही आहेत. टीव्हीएसची वन-मेक मालिका आहे, 2021 पासून रॉयल एनफील्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप आहे. तिथे सगळ्यांना सारखीच गाडी मिळते, निवड घड्याळ करतं आणि एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना लागतो. घड्याळाने माझ्याबद्दल जे मत दिलं ते मामांच्या मतापासून फार दूर नव्हतं.

तरीही ज्याला वेगाची खाज आहे त्याने ती तिथेच भागवावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वणी रस्त्यावर तर त्याआधीच ट्रक निकाल लावतो. मोठी गाडी घेऊ नका. दीडशे-दोनशे सीसी सुरुवातीला पुरे आहे. काही शाळा गाडी आणि सूट दोन्ही देतात. स्वतःची गाडी नेणार असाल तर पहिला खर्च टायर आणि ब्रेक पॅडवर करा. आणि परत आलात की आरसे लावून घ्या. ट्रॅकवर ओव्हरटेकची जबाबदारी मागच्याची असते, राजूरला ती कोणाचीच नसते.